घर मागे जोडून निघायचो तेव्हा

सत्तरच्या दशकात डेट्रॉइटच्या आसपास जी मराठी कुटुंबं होती, ती उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडीनेच फिरायची. विमानाचे पैसे साठवायचे ते राजापूर, पुणे, नागपूरला जाण्यासाठी. इथे फिरायचं म्हणजे कूलरमध्ये दशम्या आणि दही, मागच्या सीटवर राइस कुकर आणि रात्री एखादं स्वस्त मोटेल. आम्हीही सुरुवातीला तसंच फिरलो. पण सासूबाई पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आल्या आणि हे गणित जमेना. त्या बाहेरचं काही खात नसत, आणि त्यांची शंका खरीच होती. फळं भरलेल्या 'पाय' या पदार्थाच्या पारीत डुकराची चरबी, बीन्समध्येही तीच, बटाट्याच्या काचऱ्या बैलाच्या चरबीत तळलेल्या. मोटेलच्या खोलीत स्वयंपाक चालत नसे. चार दिवस केळी आणि दुधावर काढून त्या परत आल्या तेव्हा ह्यांनी ठरवलं की आईला हा देश दाखवायचा तर स्वयंपाकघर बरोबर न्यायचं.

म्हणून आम्ही पॉप-अप ट्रेलर घेतला, जुना, साडेचारशे डॉलरला. मिटवला की कमरेएवढ्या उंचीचा पत्र्याचा डबा. उघडला की दोन्ही बाजूंना पलंग बाहेर सरकायचे, वर कॅनव्हासचा तंबू उभा राहायचा, मध्ये टेबल, छोटं सिंक आणि गॅसची शेगडी. सहा माणसं झोपतील असं विकणारा म्हणाला. आम्ही पाच होतो आणि ते बरोबर पुरे.

ट्रेलर ओढायचा कसा हे मात्र आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. हे मोटारीच्या धंद्यातलेच इंजिनीअर, पण त्यांचं काम कागदावरचं. शेजारी एक निवृत्त अमेरिकन गृहस्थ राहायचे, त्यांनी एका शनिवारी सगळं हाताने करून दाखवलं. गाडीच्या मागे चेसिसला हिच, म्हणजे ट्रेलर जोडायची लोखंडी पट्टी, पक्की बोल्ट केलेली, त्यावर लोखंडी बॉल. ट्रेलरच्या पुढच्या दांड्याच्या टोकाला बॉलवर बसणारी टोपी. जॅक फिरवून दांडा वर उचलायचा, गाडी इंच इंच मागे आणायची, टोपी बरोबर बॉलवर आली की जॅक खाली सोडायचा, चाप दाबायचा आणि चापात पिन घालायची. मग त्यांनी आम्हाला एक गोष्ट करायला लावली, ती मला फार आवडली. पिन घातल्यावर जॅक पुन्हा थोडा वर फिरवायचा. चाप नीट बसला असेल तर ट्रेलरबरोबर गाडीचं बूडही वर उचललं जातं. नसेल बसला, तर टोपी बॉलवरून सुटून वर येते आणि ते अंगणातच कळतं, हायवेवर नाही.

त्यानंतर दोन साखळ्या. त्या दांड्याखालून एकमेकींवरून तिरप्या घ्यायच्या. चुकून टोपी सुटलीच तर दांडा जमिनीत रुतण्याऐवजी त्या साखळ्यांच्या झोळीत पडतो. शेवटी दिव्यांची चार तारांची जोडणी. आमच्या थोरल्याचं काम हे: ट्रेलरमागे उभं राहून ओरडायचं, "डावा! उजवा! ब्रेक!" धाकटी साखळ्या तपासायची. मी आतली कपाटं, गॅसच्या टाकीची चावी आणि छताच्या कड्या बघायची. कोणाचं काम दुसऱ्याने करायचं नाही असा नियम होता. प्रत्येक पेट्रोल पंपावर सगळे उतरून आपापली वस्तू पुन्हा बघायचे. एवढ्या लहान मुलांवर एवढी जबाबदारी कशाला, असं आमच्या ओळखीत काही जणांना वाटायचं. मला ते कधीच पटलं नाही. मुलांना प्रवासात आपला उपयोग आहे हे कळलं की ती 'अजून किती लांब?' असं कमी विचारतात.

सामान भरण्यातही शास्त्र होतं. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी शंभरातले दहा ते पंधरा भाग पुढच्या दांड्यावर यायला हवेत. मागे जास्त भार झाला की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि गाडीलाही डोलवतो. शेजाऱ्यांनी सांगितलेला उपाय सोपा होता: न्हाणीघरातला वजनकाटा दांड्याच्या जॅकखाली ठेवायचा. आमचा ट्रेलर हलका, त्यामुळे काट्यावर मावायचा. तांदूळ, डाळी, भाजणी, तेलाचा डबा आणि कुकर हे सगळं चाकांच्या जरा पुढे, खाली. अंथरुणं आणि कपडे मागे. सासूबाईंना हे लगेच समजलं. बैलगाडी उलाळ झाली की जोखड बैलाच्या मानेवरून वर उचललं जातं, हे त्यांनी लहानपणापासून बघितलेलं होतं.

मागे घेणं हा सगळ्यात अवघड भाग. स्टीअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो. ह्यांनी मुलांच्या शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये दोन शनिवार-रविवार सराव केला. युक्ती अशी की हात स्टीअरिंगच्या तळाशी धरायचा. मग ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा, त्याच बाजूला हात न्यायचा. आणि हळू. ट्रेलर दुमडायला लागला तर वाकडं सरळ करत बसायचं नाही, पुढे घेऊन पुन्हा सुरुवात करायची. मीही शिकले. माझी नजर बारीक, त्यामुळे कॅम्पग्राउंडवर जागेत ट्रेलर लावायचं काम पुढे माझ्याकडेच आलं. साडी नेसलेली बाई एका फेरीत ट्रेलर झाडांमध्ये बसवते आहे हे बघायला आजूबाजूचे लोक खुर्च्या सोडून उभे राहायचे.

पहिली सहल मिशिगनमधलीच, उत्तरेला. तिथे मॅकिनॉ पूल ओलांडावा लागतो. १९५७ मध्ये खुला झालेला, टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ पाच मैलांचा झुलता पूल, मध्यावर रस्ता पाण्यापासून सुमारे दोनशे फूट उंच. आतल्या लेनला डांबर नाही, लोखंडी जाळी आहे, वाऱ्याला वाट मिळावी म्हणून. तिच्यावरून जाताना टायर घुमतात आणि खाली बघितलं तर पाणी दिसतं. काही लोकांना या पुलाची इतकी धास्ती वाटते की पुलावरचे कर्मचारी त्यांची गाडी चालवून पलीकडे नेऊन देतात. ह्यांनी बाहेरची लेन धरली. मुलं आतल्या लेनने चला म्हणून मागे लागली होती, ते परतीच्या वाटेवर केलं. सासूबाईंनी पुलाच्या मधोमध पर्समधून नाणं काढलं. ह्यांनी खिडकी उघडू दिली नाही म्हणून त्यांनी हात जोडले आणि नाणं पलीकडे गेल्यावर किनाऱ्यावर उतरून पाण्यात टाकलं.

पण मनात घर करून आहे ती १९७८ ची सहल. यलोस्टोन. सासूबाई दुसऱ्यांदा आल्या होत्या आणि "तिथली उन्हाळी बघायची आहेत" असं पत्रात आधीच लिहून आल्या होत्या. उन्हाळी म्हणजे गरम पाण्याचे झरे. राजापूरजवळच्या झऱ्यांवर त्यांचं माहेरी असल्यापासून जाणं-येणं. अमेरिकेतही तसे झरे आहेत हे त्यांना नातवाच्या भूगोलाच्या पुस्तकातून समजलं होतं.

तेव्हाचा प्रवास कसा होता ते आज सांगावं लागतं. १९७३ च्या तेलाच्या टंचाईनंतर १९७४ पासून साऱ्या देशात ताशी ५५ मैलांची मर्यादा होती. बाकीचे लोक कुरकुर करायचे, आम्हाला ती सोयीची होती. ट्रेलर घेऊन आम्ही तसेही पन्नासच्या वर जात नव्हतो. पेट्रोल गॅलनला ६०-६५ सेंट, आणि आमची आठ सिलिंडरची स्टेशन वॅगन ट्रेलरसकट गॅलनला दहा-अकरा मैल जायची. मागची सीट पाडून तिथे गादी घातलेली, मुलं तिच्यावर लोळत, पत्ते खेळत यायची. मिशिगनमध्ये सीट बेल्टचा कायदा १९८५ साली आला. आज माझ्या नातवंडांना कोणी तसं बसवलं तर मी गाडी हलू देणार नाही, पण तेव्हा सगळ्यांच्याच गाडीत तसंच चालायचं.

नकाशे ऑटोमोबाइल क्लबमधून मिळायचे. तिथल्या बाई तुमच्या वाटेची अरुंद पानं क्रमाने लावून वही बांधून द्यायच्या आणि शाईच्या मार्करने रस्ता रंगवायच्या. कुठे दुरुस्ती चालू आहे तेही त्यावर शिक्क्याने उठवलेलं असे. सासूबाई ती वही मांडीवर घेऊन पुढे बसायच्या. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण रंगवलेली रेघ आणि बाहेरचे नंबर त्या बरोबर जुळवायच्या. एकदा वळण येण्याच्या आधी ह्यांना "बाबा, पान संपलं" असं त्यांनी सांगितलं आणि खरंच आमचं वळण तिथे होतं.

डॅशबोर्डखाली सीबी रेडिओ बसवलेला होता, एका गाडीतून दुसऱ्या गाडीतल्यांशी बोलायचा. त्या वर्षांत त्याचं वेड होतं. १९७७ च्या जानेवारीपासून त्याच्या २३ चॅनेलांची ४० झाली. ट्रकवाले १९ वर बोलायचे, अडचणीसाठी ९. प्रत्येकाचं एक टोपणनाव. थोरल्याने स्वतःचं 'मँगो' ठेवलं होतं. साउथ डकोटाच्या सपाट प्रदेशात तासन् तास वळण नाही, तिथे मँगो आणि अनोळखी ट्रकवाले पावसाच्या, पोलिसांच्या, पेट्रोलच्या भावाच्या गप्पा मारत होते. ट्रक मागून यायला लागला की तो आधी सांगायचा, "येतोय डावीकडून." त्याचा मोठा उपयोग होता. भलामोठा ट्रक बाजूने जाताना त्याच्या पुढची हवा ट्रेलरला आधी बाहेर ढकलते आणि मग आत ओढते. अशा वेळी ब्रेक लावायचा नाही, स्टीअरिंगशी झगडायचं नाही. पाय पेट्रोलवरून उचलायचा, ट्रेलर आपोआप सरळ होतो.

विस्कॉन्सिन संपताना ला क्रॉसला मिसिसिपी ओलांडली, चेंबरलेनला मिसूरी. मिसूरीच्या अलीकडे मक्याची शेतं आणि पलीकडे नुसतं गवत, ते एका पुलावरून बदलतं. मिचेल गावात कणसांनी मढवलेला कॉर्न पॅलेस बघितला. वॉल नावाच्या गावातल्या औषधाच्या दुकानाच्या पाट्या शेकडो मैल आधीपासून दिसत होत्या, 'बर्फाचं पाणी फुकट'. १९३१ साली घेतलेलं ते दुकान या एका पाण्यावर मोठं झालं. मुलांनी पाट्या वाचून वाचून सगळ्यांना तहान लावली.

बॅडलँड्सला आम्ही थांबलो तेव्हा ते नॅशनल मॉन्युमेंट होतं, त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याला नॅशनल पार्कचा दर्जा मिळाला. मातीचे पट्टेरी सुळके, एक झाड नाही, वारा अखंड. आणि आषाढी एकादशी. सासूबाईंनी पंचांग आणलेलंच होतं. साबुदाणा आदल्या रात्री ट्रेलरच्या सिंकमध्ये भिजवला. खिचडी बाहेरच्या टेबलावर पंपाच्या स्टोव्हवर केली, कारण आतल्या शेगडीवर तूप-जिऱ्याची फोडणी दिली की कॅनव्हासला आठवडाभर वास राहायचा. तो स्टोव्ह हिरव्या पेटीचा, टाकीत हवा भरायची आणि काडी ओढायची. अमेरिकेत आल्यापासून सासूबाईंना हाताळायला अवघड न वाटलेली ती एकच वस्तू. घरी उभ्या आयुष्यात त्यांनी रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारला होता. शेजारच्या जागेतलं नेब्रास्काचं शेतकरी जोडपं काय शिजतंय म्हणून बघायला आलं. शेंगदाण्याचं कूट घातलेली खिचडी त्यांनी दोनदा घेतली आणि आम्हाला स्वतःच्या शेतातली कणसं दिली. मोटेलमध्ये शेजारच्या खोलीत कोण आहे ते आपल्याला कधी समजत नाही. कॅम्पग्राउंडवर कुकरची पहिली शिट्टी झाली की माणसं यायचीच, आधी काही फुटलं का बघायला आणि मग गप्पांना.

वायोमिंगमधल्या बफलो गावापर्यंत रस्त्याने त्रास दिला नाही. तिथून बिगहॉर्न पर्वत सुरू होतो. आम्ही यूएस १६ हा रस्ता घेतला. बफलोपासून पावडर रिव्हर खिंड साधारण पाच हजार फूट उंच चढावी लागते, खिंडीची उंची ९,६६६ फूट. एवढ्या उंचीवर हवा विरळ, कार्ब्युरेटरच्या इंजिनाला दम कमी पडतो, आणि मागे अख्खं घर. वेग वीस मैलांवर आला. काटा तापमानाच्या लाल रेषेकडे सरकायला लागला तसा ह्यांनी हीटर पूर्ण सुरू केला. भर जुलैत. हीटर म्हणजे आणखी एक छोटा रेडिएटरच, इंजिनाची उष्णता तो गाडीच्या आत टाकतो. खिडक्या उघड्या, मुलं लालबुंद, सासूबाई पदराने वारा घेताहेत. खिंडीच्या थोडं आधी इंजिन दोनदा अडखळलं आणि बंद पडलं. जेमतेम कडेला घेता आलं.

हे बॉनेट उघडून वाकले तेवढ्यात मागून आवाज आला, "झाकण लगेच उघडू नकोस रे, वाफ तोंडावर येते." आंबा घाटात एसटी तापून थांबली की ड्रायव्हर काय करतो ते सासूबाईंनी कित्येकदा बघितलं होतं. आधी चाकांमागे दगड लावायचे, तेही त्यांनीच मुलांकडून करून घेतलं. पण पाणी पुरेसं होतं, अडचण वेगळी होती. पेट्रोलची नळी तापून आतलं पेट्रोल इंजिनापर्यंत पोचण्याआधीच वाफ होत होतं. मँगोने चॅनेल १९ वर हाक दिली. दहा मिनिटांत लाकूड वाहणारा एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने बघितलं आणि मला विचारलं, कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे आहेत का? माझ्याकडे पिशवीभर होते. त्याने ते पेट्रोलच्या नळीला ओळीने लावले आणि पंपाला ओलं फडकं गुंडाळायला सांगितलं. सासूबाईंनी पंचा भिजवून दिला. पंख्यात जाणार नाही असा तो नीट बांधला, अर्धा तास थांबलो आणि गाडी सुरू झाली.

चिमट्यांचा उपयोग होतो का यावर ह्यांनी नंतर अनेक वर्षं वाद घातले. माझ्या मते श्रेय ओल्या पंचाचं आणि त्या अर्ध्या तासाचं. चिमटे मात्र आम्ही काढले नाहीत, आणि त्या ट्रक ड्रायव्हरने पैसे घेतले नाहीत. त्याने थालीपीठ घेतलं.

उतार चढणीपेक्षा कठीण. टेन स्लीपच्या दरीत रस्ता वळत वळत उतरतो आणि आमच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नव्हते, सगळा भार गाडीच्या ब्रेकवर. खिंडीतूनच गिअर खाली ओढून इंजिनाच्या जोरावर उतरायचं. ब्रेक दाबून धरायचा नाही. घट्ट दाबायचा, वेग कमी करायचा, सोडायचा, त्याला गार होऊ द्यायचं. दोन्ही बाजूंना चुनखडीचे उंच कडे होते, पण ते बघायचं काम मागच्यांचं. ह्यांनी रस्त्यावरून नजर काढली नाही आणि खाली टेन स्लीप गावात पोचल्यावर तासभर कोणाशी बोलले नाहीत. त्या तासाबद्दल मला त्यांचा आजही अभिमान वाटतो.

यलोस्टोनला पूर्वेच्या दारातून शिरलो. १८७२ साली स्थापन झालेलं हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. तळ्याकाठी मुक्काम. तळ्याची उंची ७,७३३ फूट, तिथे पाणी ९२ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं. शेजारचा मुलगा पातेल्यात बीन्स दुपारपासून उकळत होता, शिजेनात. आमची तुरीची डाळ मात्र कुकरमध्ये नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त देऊन मऊ झाली. मग त्याच्या बीन्सही आमच्या कुकरात आल्या. रात्री खाण्याची प्रत्येक वस्तू उचलून गाडीत बंद करायची, अस्वलांसाठी हा कडक नियम. रेंजर येऊन बघून जायचा. त्याने हिंगाची डबी हुंगली आणि हेसुद्धा आत ठेवा म्हणाला. तूप, हिंग, मेतकूट, लोणच्याची बरणी, सगळं रोज रात्री वॅगनमध्ये आणि रोज सकाळी परत.

ओल्ड फेथफुल या उसळणाऱ्या गरम झऱ्यासमोरच्या बाकांवर बसून सासूबाईंनी वाट बघितली. आधी थोडं थोडं पाणी उसळलं, मग शंभर फुटांहून उंच उकळता खांब उभा राहिला. बाकीचे फोटो काढत होते. त्या उठून उभ्या राहिल्या, नमस्कार केला आणि म्हणाल्या, "आपलं राजापूरचं अंघोळीचं. हे नुसतं बघायचं." दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं म्हणाल्या, तिसऱ्या दिवशीही. ठरलेल्या मुक्कामापेक्षा आम्ही जास्त राहिलो. बुकिंग नव्हतं, खोलीचं भाडं वाढत नव्हतं, डाळ-तांदूळ होते. तसं राहता येणं ही त्या ट्रेलरची देणगी होती.

घरी परत आल्यावरही सुटका नसायची. परतीला पाऊस लागला असेल तर पहिलं काम ट्रेलर अंगणात उघडून कॅनव्हास दोन दिवस वाळवणं, नाहीतर बुरशी धरते आणि तो वास कधी जात नाही. पावसात आतून कॅनव्हासला बोट लावायचं नाही, लावलं की तिथून गळायला लागतं, हे धाकटीला झोपेतसुद्धा पाठ होतं. मग चाकं काढून बेअरिंग रॉकेलमध्ये धुवायची आणि तळहातावर ग्रीस घेऊन त्यात दाबून भरायची. हे काम ह्यांनी आणि थोरल्याने दर वर्षी मिळून केलं. तो पुढे मेकॅनिकल इंजिनीअर झाला.

१९८० च्या दशकाच्या शेवटी मुलांना उन्हाळ्यात नोकऱ्या लागल्या, सासूबाईंना पलंगावर चढवेना, स्टेशन वॅगनच्या जागी मिनीव्हॅन आली आणि तिला ट्रेलर झेपत नव्हता. आम्ही तो तीनशे डॉलरला एका तरुण जोडप्याला विकला, चाकांखालच्या फळ्या आणि ग्रीसचा डबा फुकट दिला. त्यानंतरच्या सुट्ट्या विमानाच्या आणि हॉटेलच्या. पोटाची सोय आता सगळीकडे होते, शाकाहारी मिळतं, मागे काही जोडायचं नसतं आणि तपासायचं नसतं. मला त्या सुट्ट्या आवडत नाहीत. मुलं विचारतात तेव्हा मी हे सरळ सांगते, आणि धाकटी म्हणते, "आई, मलाही नाही."